पाखरांच्या वाटेने गोताच्या शोधात : लेन्नार्त मेरी यांचे जुने माहितीपट

सांजदिवा (धागाकर्ती) :

नमस्कार मंडळी. फिनिश लोकांचे परदेशांशी असलेले सांस्कृतिक नाते हा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना मिशिगनच्या तांब्याच्या खाणींवर गेलेले फिनिश मजूर आठवतात. स्थलांतरामुळे जुळलेल्या नात्याविषयी आपण एरवीही बोलतोच. गेल्या दोन महिन्यांत मी जे माहितीपट पाहिले त्यांत मात्र निराळ्याच नात्याचा शोध आहे. काही हजार वर्षांपूर्वी एकाच भाषेच्या शाखा होऊन पांगलेले, पुढे एकमेकांना पार विसरलेले आणि आज उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रापासून हंगेरीच्या सपाट मैदानापर्यंत विखुरलेले जे लोक आहेत, त्यांचे हे नाते आहे. या भाषाकुलाला फिनो-उग्रिक म्हणतात. त्यात फिनिश, एस्टोनियन, हंगेरियन, सामी, कारेलियन, मारी, एर्झ्या, कोमी, खान्ती, मान्सी अशा भाषा येतात, आणि सायबेरियातल्या सामोयेद भाषा त्यांच्या थोड्या दूरच्या आप्त ठरतात.

हे चित्रपट एस्टोनियाचे लेखक लेन्नार्त मेरी यांनी केले. पहिला ‘पाणपक्ष्यांचे लोक’ १९७० सालचा आणि दुसरा ‘आकाशगंगेचे वारे’ १९७७ सालचा (मूळ नावे ‘वेएलिन्नुराह्वास’ आणि ‘लिन्नुतेए तूउलेद’). १९८५, १९८९ आणि १९९७ साली आणखी तीन चित्रपट आले आणि पाचांची मालिका पूर्ण झाली. पहिल्यात कमासी, नेनेत्स, खान्ती, कोमी, मारी आणि कारेलियन लोक भेटतात. दुसरा चित्रपट सोव्हिएत संघ, फिनलंड आणि हंगेरी या तिन्ही देशांत चित्रित झाला आणि त्यात फिन, वेप्स, वोट, सेतू, एर्झ्या, मान्सी, हंगेरियन, सामी, न्गानासान आणि एस्टोनियन आहेत.

या नावांमागची कल्पना मला फार आवडली. आपण ज्या धूसर पट्ट्याला आकाशगंगा म्हणतो, त्याला फिनिश भाषेत ‘लिन्नुनराता’ आणि एस्टोनियनमध्ये ‘लिन्नुतेए’ म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ ‘पाखरांची वाट’ असा आहे. व्होल्गाकाठच्या मारी भाषेतही तो पट्टा रानहंसांची वाट आहे. जिथे नद्या, सरोवरे आणि दलदली अफाट आहेत आणि वर्षातून दोनदा सारे आकाश स्थलांतरी पक्ष्यांनी भरून जाते, तिथल्या माणसांना त्या पट्ट्यात बदकांचा आणि हंसांचा मार्ग दिसावा हे किती साहजिक आहे! ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात सृष्टी जन्मते तीही पाण्यातून वर आलेल्या गुडघ्यावर एका रानबदकाने घातलेल्या अंड्यांतून. समुद्राच्या तळाशी बुडी मारून चोचीत माती घेऊन येणाऱ्या पक्ष्याची कथा तर मान्सी आणि मारी लोकांतही सांगतात.

मेरी यांचे चरित्र ठाऊक नसताना हे चित्रपट पाहिले तर त्यांतले अर्धे निसटते, म्हणून थोडे सांगते. त्यांचा जन्म १९२९ सालचा, वडील राजनैतिक अधिकारी आणि शेक्सपिअरचे अनुवादक, आणि बालपण बर्लिन-पॅरिसमध्ये गेलेले. १९४१ साली, एस्टोनिया ताब्यात घेतलेल्या सोव्हिएत सत्तेने या कुटुंबाला रशियाच्या अंतर्भागात हद्दपार केले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी लाकडे तोडली, तराफे वाहिले, बटाटे सोलले. परतल्यावर तार्तू विद्यापीठातून १९५३ साली ते इतिहासाचे पदवीधर झाले, परंतु इतिहासकार म्हणून काम करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. मग नाट्यगृह, नभोवाणी, प्रवासवर्णने आणि चित्रपट असे वळसे घेत ते इतिहासाकडेच परत आले. ज्या मुलाला बंदी म्हणून पूर्वेकडे नेले होते, तोच प्रौढपणी कॅमेरा घेऊन पूर्वेकडे जातो आणि तिथल्या माणसांना आपले गोत म्हणतो. मला हे त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म वाटते.

‘आकाशगंगेचे वारे’ फिनलंड आणि हंगेरी यांच्या सहकार्याने झाला होता. त्याला न्यूयॉर्कच्या महोत्सवात रौप्यपदक मिळाले आणि खुद्द सोव्हिएत संघात मात्र त्याच्यावर बंदी आली. फिनलंडच्या शाळांत मेरी यांचे चित्रपट आणि लेखन अभ्याससाहित्य म्हणून वापरले गेले. मासेमारी, पक्षी, गाणी आणि घरगुती विधी दाखवणाऱ्या चित्रपटाची एका महासत्तेला इतकी धास्ती का वाटावी, या प्रश्नावर आपली मते वाचायला मला आवडेल.

अक्षरवेल :

आपला लेख अतिशय आवडला. एक मूलभूत शंका विचारते. हंगेरी आणि फिनलंड यांच्यामध्ये स्लाव्ह आणि बाल्टिक भाषांचा केवढा तरी प्रदेश पसरलेला आहे, आणि हंगेरियन व फिनिश माणूस एकमेकांचे बोलणे अजिबात समजू शकत नाहीत असे मी वाचले आहे. मग हे नाते कुणाच्या आणि कसे लक्षात आले? दोन-चार शब्द सारखे वाटले म्हणून नाते मानायचे झाले, तर जगातल्या कोणत्याही दोन भाषा बहिणी ठरवता येतील.

लिपिकार :

अक्षरवेल, आपली शंका अगदी योग्य आहे, आणि नुसत्या शब्दसाम्यावर विसंबून केलेले असे कितीतरी दावे पुढे टाकूनही द्यावे लागले आहेत. आपल्याकडचेच उदाहरण सांगायचे तर बिशप कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात त्या भाषांचे नाते ‘सिथियन’ गटाशी आणि पर्यायाने फिनिशशी जोडले होते. ते पुढे टिकले नाही. फिनिश आणि हंगेरियन यांचे नाते टिकले, कारण तिथे साम्याइतकाच फरकही नियमाने चालतो.

संस्कृत ‘हस्त’चा मराठीत ‘हात’ होतो आणि ‘सप्त’चा ‘सात’ होतो, म्हणजे जोडाक्षर विरते आणि आधीचा स्वर लांबतो. असा बदल शब्दामागून शब्दात एकाच रीतीने होत गेला की आपण त्याला नियम म्हणतो. फिनिश शब्दारंभीच्या ‘क’च्या जागी, पुढे ‘आ’, ‘ओ’ यांसारखा स्वर असेल तर, हंगेरियनमध्ये ‘ह’ येतो. मासा म्हणजे फिनिश ‘काला’, हंगेरियन ‘हल’. तीन म्हणजे ‘कोल्मे’ आणि ‘हारोम’. तसेच ‘प’च्या जागी ‘फ’ येतो. झाड म्हणजे ‘पू’ आणि ‘फा’, डोके म्हणजे ‘पा’ आणि ‘फेय’, घरटे म्हणजे ‘पेसा’ आणि ‘फेसेक’. मासा मारीत ‘कोल’ आणि एर्झ्यात ‘कल’ आहे. रक्त म्हणजे ‘वेरी’ आणि ‘वेर’, पाणी म्हणजे ‘वेसी’ आणि ‘वीझ’, हात म्हणजे ‘कासी’ आणि ‘केझ’. (देवनागरीत हे उच्चार थोडे ढोबळ होतात, ते चालवून घ्यावे.) हे सारे शरीराचे, निसर्गाचे आणि मोजणीचे शब्द आहेत, आणि असे शब्द माणसे सहसा उसने घेत नाहीत.

‘जिवंत मासा पाण्याखाली पोहतो’ हे वाक्य भाषाशास्त्राचे शिक्षक हौसेने देतात. फिनिशमध्ये ‘एलावा काला उइ वेदेन अल्ला’, एस्टोनियनमध्ये ‘एलव कला उयुब वे अल्ल’ आणि हंगेरियनमध्ये ‘एलेवेन हल ऊस्काल अ वीझ अलत्त’. असे वाक्य मुद्दाम जुळवून आणावे लागते हे खरे, पण ते जुळवता येते यालाही अर्थ आहे.

आपण ‘कुणाच्या लक्षात आले’ असेही विचारले आहे. १७६९ साली शुक्राचे सूर्यावरून होणारे अधिक्रमण पाहण्यासाठी यानोश शायनोविच हा जेझुइट या ख्रिस्ती पंथातला हंगेरियन धर्मगुरू नॉर्वेच्या अगदी उत्तरेला व्हार्दो येथे गेला होता. तिथल्या सामी लोकांची भाषा त्याने ऐकली आणि १७७० साली हंगेरियन व सामी भाषांच्या नात्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विल्यम जोन्स यांचे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे कलकत्त्यातले प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर सोळा वर्षांनी, १७८६ साली झाले. तौलनिक भाषाशास्त्राचा आरंभ आपण जोन्स यांच्यापासून मोजतो, तेव्हा शायनोविच यांचे नावही आवर्जून घ्यायला हवे.

मुक्काम हेलसिंकी :

मी गेली बरीच वर्षे इथे राहतो आहे, म्हणून इकडच्या बाजूने थोडी भर घालतो. येथील राष्ट्रीय संग्रहालयाजवळ माटियास कास्त्रेन यांचा अर्धपुतळा आहे. मेरी यांचे चित्रपट पाहायचे असतील तर या माणसापासून सुरुवात करावी असे मला वाटते. प्रकृती क्षयाने पोखरलेली असताना कास्त्रेन यांनी १८४५ ते १८४९ या काळात सायबेरिया पालथा घातला आणि सामोयेद व इतर भाषांची व्याकरणे लिहून आणली. १८५१ साली ते हेलसिंकी विद्यापीठात फिनिश भाषेचे पहिले प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी, चाळिशीही न गाठता, वारले. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होते, विद्येची आणि कारभाराची भाषा स्वीडिश होती, आणि फिनिश ही शेतकऱ्यांची बोली समजली जाई. आपली भाषा एकाकी नसून अर्ध्या खंडात तिचे गोत आहे, हे कळल्यावर त्या पिढीला केवढे बळ मिळाले असेल याची कल्पना आपल्याला करता येते.

धागाकर्तींनी विचारलेल्या धास्तीच्या प्रश्नाचे उत्तर मला एका साध्या गोष्टीत दिसते. एस्टोनिया आणि फिनलंड या दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांची चाल एकच आहे आणि ती फ्रेडरिक पाकियुस यांची आहे. सोव्हिएत काळात एस्टोनियाचे राष्ट्रगीत निषिद्ध होते, पण हेलसिंकी आणि तालिन यांच्यामध्ये आखाताचे जेमतेम ऐंशी किलोमीटर पाणी आहे आणि ध्वनिलहरींना सीमा अडवू शकत नाही. फिनिश नभोवाणीवर ही चाल वाजे आणि उत्तर एस्टोनियात आपल्या घरी बसून लोक ती ऐकत. फिनिश दूरचित्रवाणीही तिकडे दिसत असे, आणि ती पाहता पाहता कित्येकांनी फिनिश भाषा आत्मसात केली. भाषेच्या जवळिकीमुळे पोलादी पडद्याला एक खिडकी राहिली होती. ‘आपण नातलग आहोत’ असे पडद्यावर म्हणणे म्हणजे ती खिडकी सर्वांना दाखवणेच होते. खुद्द मेरी यांना परदेशी जाण्याची परवानगी वीसहून अधिक वर्षे नाकारली जात होती. ती सत्तरच्या दशकात मिळाल्यावर त्यांनी फिनलंडमध्ये येऊन एस्टोनिया नावाचा देश अजून जिवंत आहे, हेच पुन्हा पुन्हा सांगितले.

गोदातीर :

चर्चा सुंदर चालली आहे, पण एक आक्षेप नोंदवल्यावाचून राहवत नाही. ‘गोत’ हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. फिनलंडमध्ये १९१८ ते १९२२ या काळात याच आप्तभावाच्या नावाने स्वयंसेवकांच्या लष्करी मोहिमा निघाल्या, आणि फिनिश भाषेत त्यांना ‘हेइमोसोदात’ म्हणजे आप्तजनांची युद्धे असेच नाव आहे. १९४१ ते १९४४ या काळात पूर्व कारेलिया, म्हणजे फिनलंडच्या सीमेपलीकडचा सोव्हिएत प्रदेश, फिनिश सैन्याच्या ताब्यात होता, तेव्हा तिथल्या नागरिकांची आप्त आणि परके अशी विभागणी करण्यात आली, रशियन रहिवाशांतील हजारोंना छावण्यांत कोंडण्यात आले आणि तिथे कितीतरी माणसे उपासमारीने व रोगांनी दगावली. भाषेचे नाते रक्ताचे मानले की माणूस तिथवर पोचतो. शिवाय ते रक्ताचे नाही हे आता जनुकीय अभ्यासातूनही दिसते. फिनिश पुरुषांत जी पितृवंशरेषा फार मोठ्या प्रमाणावर आढळते, ती आजच्या हंगेरियन लोकांत अगदी विरळ आहे. त्यामुळे अशा माहितीपटांतील काव्यमय निवेदनाकडे मी सावधपणे पाहतो.

सांजदिवा :

गोदातीर, आपण हा मुद्दा मांडलात याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात तो मीच मांडायला हवा होता. पूर्व कारेलियाचा इतिहास बाजूला ठेवून फिनिश आप्तभावाविषयी प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

तरीही मेरी यांच्या चित्रपटांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आप्तभावाचा दावा सैन्य बाळगणारे राष्ट्र करते तेव्हा तो भूमीवरचा दावा असतो. इथे तो स्वतःचेच राज्य गमावलेल्या देशातला, हद्दपारी भोगलेला माणूस करतो आहे, आणि त्याला कुणाची एक वीतही जमीन नको आहे. त्याच्या कॅमेऱ्याला माणसाची चेहरेपट्टी किंवा डोक्याचा आकार मोजण्यात काडीचा रस नाही. त्याला माणूस मासा कसा धरतो, झाडाची साल कशी सोलतो, ढोल कसा तापवतो आणि हे करताना कोणते शब्द बोलतो यांत रस आहे. ध्वनिमुद्रणाची बाजू एन्न स्यादे यांच्याकडे होती, आणि या चित्रपटांतला आवाज दृश्यांपेक्षा अधिक मोलाचा आहे असे मला पाहताना सतत वाटत राहिले. निवेदन काव्यमय आहे हे मला मान्य आहे. काही ठिकाणी ते पुराव्याच्या पुढे धावते, तिथे आपली सावधगिरी रास्तच आहे.

तंतुनाद :

संगीताच्या बाजूने एक जोड. मेरी हे चित्रपट करत असताना त्याच सुमारास एस्टोनियाचे संगीतकार वेल्यो तोर्मिस लिव्ह, वोट, इझोर, इंग्रियन फिन, वेप्स आणि कारेलियन यांच्या लोकगीतांवर आधारलेल्या समूहगानाच्या सहा मालिका रचत होते. ‘विस्मृत लोक’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९७० ते १९८९ अशी जवळजवळ दोन दशके चालली. यांतल्या काही भाषा बोलणारी माणसे आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. चित्रपट पाहिल्यावर हे गायन शांतपणे ऐकावे. त्या भाषा आपल्याला अर्थाने कळत नाहीत, पण त्यांच्या चालीतले स्वर दोन-चार सुरांच्या आतच फिरत राहतात, आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानांत आहेत त्यांना ही मर्यादा मुळीच अपुरी वाटणार नाही.

लिपिकार :

कॉल्डवेल यांचा सिद्धांत टिकला नाही असे मी वर लिहिले, त्यामुळे या भाषांचा आणि आपला काहीच संबंध नाही असा कुणाचा समज होऊ नये. संबंध आहे, पण तो जन्माचा नसून शेजाराचा आहे. फार प्राचीन काळी, युरेशियाच्या गवताळ प्रदेशाच्या उत्तर सीमेवर, फिनो-उग्रिक भाषांच्या पूर्वजांनी इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून शब्द उचलले. फिनिशमध्ये शंभराला ‘साता’ म्हणतात आणि हंगेरियनमध्ये ‘साझ’, त्यामागे आपल्या ‘शत’चेच प्राचीन रूप आहे. फिनिश ‘वासरा’ म्हणजे हातोडा, आणि त्याचा संबंध ‘वज्र’ या शब्दाशी जोडतात. इंद्राचे आयुध तिकडे लोहाराच्या हाती गेले! मधासाठी ‘मेसी’ आणि हंगेरियन ‘मेझ’ हे शब्द ‘मधु’च्या घरचे आहेत. ‘ओर्या’ म्हणजे गुलाम, आणि तो शब्द ‘आर्य’ वरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामागे पकडून आणलेले परके युद्धकैदी असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. एका समाजात मानाचे असलेले नाव शेजारच्या समाजात दास्याचे नाव व्हावे, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो.

अशा शोधाची ओढ माणसाला कुठवर नेते हे पाहायचे असेल, तर शांदोर कोरोशी चोमा यांचे चरित्र वाचावे. हंगेरियन लोकांचे मूळ आशियात शोधायला ते १८१९ साली निघाले आणि लडाख व झंस्कारमध्ये येऊन पोचले. मूळ सापडले नाही, पण त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ साली कलकत्त्यात छापला गेला आणि त्यातून तिबेटी विद्येचा पाया घातला गेला. १८४२ साली दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे.

सह्यकडा :

मारी लोकांविषयी थोडेसे. त्यांच्या गावांजवळ राखीव पवित्र राया असतात, तिथली झाडे तोडत नाहीत आणि तिथे सामुदायिक प्रार्थना होते. एस्टोनियातही ‘हीस’ नावाने अशा राया ओळखल्या जातात. मावळातल्या आणि कोकणातल्या देवरायांत लहानपण गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून आपुलकी वाटली. सोव्हिएत काळात दडपण असूनही मारींनी या प्रार्थना पूर्णपणे सुटू दिल्या नाहीत, हे विशेष.

अक्षरवेल :

सर्वांचे आभार. माझ्या शंकेचे इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. आता हे चित्रपट पाहायचे ठरवले आहे, तर कोणत्या क्रमाने पाहावेत आणि पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, हे धागाकर्तींनी कृपया सांगावे.

सांजदिवा :

अक्षरवेल, काळाच्या क्रमानेच पाहावेत असे मी सुचवेन. ‘पाणपक्ष्यांचे लोक’मधील कमासी भाग मात्र कृपया दोनदा पाहा. कमासी ही दक्षिण सायबेरियातली सामोयेद गटातली भाषा होती. फिनिश अभ्यासक काय दोन्नेर यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी तिच्या शेवटच्या मोजक्या भाषकांकडून नोंदी केल्या, आणि पुढे ती भाषा नामशेष झाली असे धरून सारे निश्चिंत झाले. साठच्या दशकात क्लाव्दिया प्लोत्निकोवा ही वृद्ध स्त्री सापडली, आणि तिला ती भाषा येत होती. तार्तू विद्यापीठाच्या आगो क्युन्नाप यांनी तिच्याकडून पुष्कळ ध्वनिमुद्रण केले. बोलायला दुसरे कुणी उरले नव्हते, तेव्हा ती त्या भाषेत देवाची प्रार्थना करत आली होती. १९७० साली फिनो-उग्रिक अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद तालिनला भरली, तेव्हा ती तिथे गेली आणि आयुष्यभर तिच्या भाषेचा अभ्यास केलेल्या विद्वानांशी तिची भेट झाली. १९८९ साली ती वारली आणि कमासी बोलणारे कुणीही उरले नाही.

त्यानंतर ‘आकाशगंगेचे वारे’ पाहावा. १९८५ सालचा ‘कालेवाचे ध्वनी’ कालेवालाच्या पहिल्या आवृत्तीला दीडशे वर्षे झाली त्या वर्षीचा आहे, त्यामुळे वर आलेली सृष्टिकथा तेव्हा ताजी असेल तर बरे. १९८९ सालच्या ‘तोरुमचे पुत्र’मध्ये खान्ती लोकांचा अस्वलाचा उत्सव आहे. तो संथ आहे. शिकार केलेल्या अस्वलाला पाहुणा मानून त्याचा मान राखत गाणी आणि सोंगे चाललेली असतात. इथे घाई करणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती काही लागणार नाही.

‘शामान’ सर्वांत शेवटी पाहा. न्गानासान शामान (आत्म्यांशी संवाद साधणारा मांत्रिक) देम्निमे याच्या विधीचे हे चित्रण १६ जुलै १९७७ रोजी, ‘आकाशगंगेचे वारे’चे काम चालू असताना, तैमिर द्वीपकल्पावर झाले. तैमिर म्हणजे युरेशियाचे उत्तर टोक, आणि जुलैत तिथे सूर्य मावळतच नाही. हे चित्रण स्वतंत्र चित्रपट म्हणून वीस वर्षांनी, १९९७ साली बाहेर आले. मधल्या काळात १९८० साली देम्निमे वारला होता, सोव्हिएत संघ उरला नव्हता, एस्टोनिया स्वतंत्र झाला होता, आणि इतिहासकाराचे काम ज्याला कधी करू दिले नव्हते तो दिग्दर्शक त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा निवडून आलेला होता.